फ्यूजच्या जागी खिळा

गफ्फार मिस्त्री मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की भगवानरावाच्या पोटात एक आणि ओठात दुसरं. पांढरकवड्यात त्याला ओळखत नाही असा गाडीवाला सापडणार नाही, आणि पाठीमागे त्याला शिव्या दिल्या नाहीत असाही सापडणार नाही. तो अजून जिवंत आहे. हे वाचून तो मला काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे, तरी लिहितो आहे.

चौपदरी हायवे गावाबाहेरून गेला तेव्हा जुन्या रस्त्यावरची निम्मी दुकानं उठून तिकडे गेली. गफ्फार गेला नाही. टिनाचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, दारात वाळूने भरलेल्या चार बादल्या आणि भिंतीला टेकवलेलं एक ओलं पोतं. पोतं दिवसातून तीनदा भिजवायचं काम जैबुनबीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. कोणी पेटलेली विडी घेऊन उंबऱ्यात आला की गफ्फार ती सरळ त्याच्या तोंडातून काढून वाळूत खुपसायचा. मी एका सरपंचाची विडी अशी विझताना पाहिली आहे. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी आली, तेव्हा नाही आलं.

काम तो वायरिंगचं करायचा. सेल्फ, डायनामो, हॉर्न, दिवे. गाडी कोणतीही असो, नुसता बल्ब बदलायचा असो, आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडायची आणि मगच हात लावायचा, ही त्याची रीत. गिऱ्हाईक घाईत असलं तर वायर जरा जास्तच सावकाश सोडायची, हीदेखील त्याचीच रीत. बॅटरीच्या ॲसिडने नखं पिवळी पडलेली, सदऱ्याला पोटावर भोकंच भोकं. जैबुनबी म्हणायची की या माणसाला नवा सदरा घेणं म्हणजे उंदराला पीठ राखायला देणं.

शेजारच्या ब्रेकवाल्याशी त्याचं रोजचं भांडण. ब्रेकचा ड्रम उघडला की आतली भुकटी हवा मारून उडवायची, असं सगळीकडेच चालतं. गफ्फारचा बाप कलीम हेच काम करायचा, तोंडाने फुंकून फुंकून. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतं आणि ते छातीत जाऊन बसतं, हे त्या काळी कोणाला ठाऊक? कलीमने शेवटची चार वर्षं बाजेवर बसून काढली, आडवा झाला की श्वास कोंडायचा. म्हणून शेजारी हवेचा पाइप सुरू झाला की गफ्फार ओलं पोतं घेऊन धावायचा आणि ते ड्रमवर टाकायचा. दोनदा ते ब्रेकवाल्याच्या डोक्यावर पडलं. चुकून पडलं असं मला वाटत नाही.

तोंड तर विचारू नका. शिवी देत नसे. 'तुमी' म्हणायचा, 'पाटील' म्हणायचा, आणि चार माणसांदेखत असं काही बोलायचा की शिवी परवडली. त्याला कारण होतं म्हणे. राजूरच्या रस्त्यावर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक व्हॅन जळाली. मागच्या सीटखाली घरातलं गॅसचं सिलिंडर ठेवून त्या गॅसवर ती चालवत होते. दोन माणसं गेली. आठच दिवस आधी गफ्फारने तिचा सेल्फ दुरुस्त केला होता. सिलिंडर त्याला दिसलं होतं, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो गप्प बसला होता. हे जैबुनबीने माझ्या बायकोला सांगितलं. माझी बायको म्हणजे इंदू, सारं गाव तिला इंदुताई म्हणतं. त्या दिवसापासून गफ्फारचं तोंड सुटलं. एकदा गप्प बसल्याची शिक्षा त्याने अख्ख्या तालुक्याला दिली, असं माझं मत होतं, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

तोंडावर भागेना तेव्हा त्याने लाल ऑइलपेंटचा डबा आणला. जी गाडी धोक्याची वाटेल तिच्यावर ब्रशने लिहून मोकळा व्हायचा. मालकाला विचारणं नाही, सांगणं नाही. खेमसिंगच्या काळ्यापिवळ्या जीपवर त्याने 'डिझेल गळते, मागे बसू नका' असं लिहिलं आणि खेमसिंगच्या सवाऱ्या खरंच उतरून दुसऱ्या जीपमध्ये बसल्या. खेमसिंग जॅकचा दांडा घेऊन त्याच्या मागे लागला होता. लोकांनी सोडवलं, पण सोडवताना दोघातिघांनी गफ्फारला गुद्दे मारून घेतले. सगळ्यांच्या मनात त्याच्याबद्दल काही ना काही साठलेलं होतं.

माझ्याकडे तेव्हा एक मेटाडोर होती. तीन मालकांनंतर माझ्याकडे आलेली, माझ्या मुलाहून वयाने मोठी. मुकुटबनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. हंगामात कापूस भरून पांढरकवड्याच्या जिनिंगला न्यायला तीच कामाची. पाच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिचा फ्यूज उडायला लागला. हॉर्न आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर होते. नवा टाकला की दोन दिवसांत जायचा. मग एकाच दिवसात जायला लागला. शेवटी नाइलाजाने मी गाडी गफ्फारच्या दारात उभी केली.

त्याने अर्थिंग सोडली, मागे चढला आणि तळाच्या लाकडी पाटातली एक फळी उचकटली. खाली उंदरांनी कुरतडलेली वायर होती, तिला लागून सायलेन्सर. वरची फळी तेलाने काळी झालेली आणि फळ्यांच्या फटींत मागच्या तीन हंगामांचा कापूस अडकलेला. त्याने त्यातला बोटभर कापूस काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाला, "पाटील, तुमी शिकलेले मानूस. ही गाडी हाये का चूल?"

समोरच्या चहाच्या टपरीवर सात-आठ जण होते, तेवढे हसले. मी म्हणालो की फ्यूज टाक आणि मला मोकळं कर. तो म्हणाला की खालची वायर पूर्ण बदलावी लागेल, सायलेन्सरपासून लांब न्यावी लागेल, दोन दिवस गाडी सोडा. माझा कापूस वावरात पडलेला, आभाळ आलेलं, आणि हा दोन दिवस मागतो. मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही. उडालेला फ्यूज माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "हा तुमाले सांगून सांगून मेला, आन तुमी त्यालेच शिव्या देऊन राह्यले. मी दुसरा टाकत नाही."

मी म्हणालो, उपदेश घरी बायकोला कर. आणि गाडीत चढलो. तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही. टपरीवरचे लोक पुन्हा हसले म्हणून आरशात पाहिलं तर हा मागच्या फाळक्याशी ब्रश घेऊन उभा. गावात आल्यावर उतरून वाचलं, 'कापूस भरू नये'. डिझेलच्या बोळ्याने ते मी पुसून काढलं. इतका राग मला त्याआधी कोणाचा आला नव्हता. एका पैचं काम केलं नाही आणि भर रस्त्यावर माझी अब्रू काढली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, बाजाराचा दिवस. सकाळपासून वावरात कापूस भरणं चाललं होतं. दोन बाया वर चढून पायांनी खुंदत होत्या, दोन खालून देत होत्या. फ्यूज नव्हता, त्यामुळे हॉर्न नव्हता, आणि हॉर्नशिवाय त्या रस्त्याने भरली गाडी नेणं शक्य नाही. आमच्याकडे फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. चांदी नसली तर तार लावतात. ड्रायव्हर लोकांत याला डोकं चालवणं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला एक खिळा ठोकलेला होता, त्यावर मैनाबाई भाकरीचं गाठोडं अडकवायची. मैनाबाई तांड्यावरची, माझ्याकडे वेचणीला येऊन तिला बारा-तेरा वर्षं झालेली. मी म्हणालो, तो खिळा काढून दे. तिने दगडाने इकडून तिकडून ठोकून खिळा उपटला आणि मला दिला. कशाला, असं तिने विचारलं नाही. तिला काय कळणार होतं, असं मला तेव्हा वाटलं.

फ्यूजच्या दोन चिमट्यांत तो खिळा असा बसला की जणू त्यासाठीच घडवला होता. हॉर्न वाजला, दिवे लागले. मी स्वतःवरच खूश झालो. गफ्फारला दोन दिवस लागणार होते आणि मी दोन मिनिटांत काम उरकलं होतं.

मी गाडी चालवायला, चौघी बाया मागे कापसावर. बाजाराला जायचं तर अशाच जातात सगळ्या. पांढरकवडा तीन-चार किलोमीटर राहिला तेव्हा कपडा जळाल्यासारखा वास आला. मला वाटलं कोणी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी जाळत असेल. गावाजवळ आलो तसं वरून कोणी केबिनवर थापा मारायला लागलं. ती मैनाबाई होती. मला वाटलं बाईला मध्येच उतरून काही घ्यायचं असेल. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो की बाजारात थांबतो, जरा धीर धर, आणि गाडी चालवत राहिलो. खिळा वितळत नाही. फ्यूज असता तर वायर तापायच्या आधी तो उडाला असता, हॉर्न बंद पडला असता, आणि मी त्याला एक शिवी हासडून घरी पोचलो असतो.

जुन्या रस्त्याला लागलो आणि गफ्फार समोरून धावत आला. दोन्ही हात पसरून, खांद्यावर ते ओलं पोतं. आधी वाटलं, आजही तमाशा करतो की काय. मग आरशात धूर दिसला. मी ब्रेक मारला. तिघी बायांनी उड्या टाकल्या आणि पडून, खरचटून का होईना, वाचल्या. मैनाबाई केबिनकडून मागे सरकत येत होती. वरून कापूस पांढराशुभ्र होता. खुंदलेला कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत जातो. तिने पाय टाकला तिथे तो खालून पोकळ झालेला होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ती कशी ओरडली ते मी इथे लिहीत नाही. गफ्फार चाकावरून वर चढला, दोन्ही काखांत हात घालून त्याने तिला ओढून काढली आणि खाली आणून तिच्या पायाला ओलं पोतं गुंडाळलं. मी काय करत होतो? मी गाडीजवळ उभा होतो. एवढंच आठवतं.

बाईला टपरीवाल्याच्या हवाली करून तो पुन्हा गाडीकडे वळला. पक्कडीने अर्थिंगची वायर तोडली. मग केबिनमध्ये डोकं घातलं आणि फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. मी त्याच्या मागेच होतो. खिळा काळानिळा पडला होता. त्याने खिळा पाहिला, वळून मला पाहिलं, आणि वाळूच्या बादल्या आणायला धावला. दोन वाक्यं बोलायला त्याच्याकडे वेळ नव्हता. माझ्याकडे होता. मी आत हात घातला आणि खिळा उपटला. अंगठा आणि बाजूचं बोट भाजलं, कातडी खिळ्याला चिकटून आली, तरी सोडला नाही. खिशात टाकला. तो डाग अजून आहे, सही करताना रोज दिसतो.

अग्निशमनची गाडी येईपर्यंत मेटाडोरचा सांगाडा उरला होता. कापूस रस्त्यावर उपसून पसरला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातून धूर निघत होता. त्या गर्दीत कोणीतरी मला विचारलं की झालं कसं. मी म्हणालो, "कालच गफ्फारकडून वायरिंग करून आणली होती."

बस, तेवढंच एक वाक्य. पुढचं काम गर्दीने केलं. आदल्या दिवशी माझी गाडी त्याच्या दारात उभी होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्याची विडी विझली होती, ज्याच्या गाडीवर लाल अक्षरं उमटली होती, ज्याच्या डोक्यावर पोतं पडलं होतं, त्या सगळ्यांना ते वाक्य गोड लागलं. त्याच्या नावावरूनही दोघंतिघं नको ते बोलले. मी ऐकून घेतलं, थांबवलं नाही. खेमसिंगने त्याची कॉलर धरली तेव्हा गफ्फारच्या हातात अजून वाळूची बादली होती.

पोलीस ठाण्यात जमादाराने दोघांना समोरासमोर उभं केलं. गफ्फार म्हणाला, "मी कामच केलं नाही, साहेब. मी नाही म्हटलं यायले. फ्यूजच्या जागी खिळा लावला होता यायनं. मी डोळ्यानं पाह्यला."

मी म्हणालो, "कुठं आहे खिळा? दाखव."

माझा उजवा हात खिशात होता. पूर्ण वेळ तो मी बाहेर काढला नाही, कारण बोटं भाजलेली होती आणि खिळा तिथेच होता. गफ्फारने माझ्या खिशाकडे पाहिलं. पाटलाचा खिसा तपासा म्हणायचं त्याला सुचलं नाही, की हिंमत झाली नाही, कोण जाणे. त्या खोलीत पाटील कोण आणि मिस्त्री कोण हे जमादारासकट सगळ्यांना माहीत होतं. मग तो म्हणाला की फाळक्यावर मी लिहिलं होतं, टपरीवर विचारा. जमादाराने विचारलं. आदल्या दिवशी पोट धरून हसलेल्या सात-आठ जणांपैकी एकालाही काही आठवेना. एक जण म्हणाला की मिस्त्री सगळ्याच गाड्यांवर लिहितो, कुठली कुठली ध्यानात ठेवायची?

गुन्हा काही शाबीत झाला नाही. व्हायची गरजही राहिली नाही. महिन्याभरात त्याच्या दारात गाडी थांबेनाशी झाली. एका सकाळी त्याच्या शटरवर लाल रंगात लिहिलेलं दिसलं, 'इथे गाडी लावू नये'. ते मी लिहिलं नाही. कोणी लिहिलं ते मला माहीत आहे. गफ्फारने ते पुसलं नाही. शटर वर केलं की अक्षरं गुंडाळली जायची, खाली ओढलं की पुन्हा दिसायची. तो सायकलवर डबा लावून घरोघर इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी घालत हिंडायला लागला. जैबुनबीने शिलाई मशीन काढली. वाळूच्या बादल्या मात्र दारात तशाच राहिल्या, आणि पोतंही ओलं असायचं.

मैनाबाई चार महिन्यांनी चालायला लागली. पाय आत वळला, बोटं एकमेकांना चिकटली. पुढच्या हंगामात ती माझ्याकडेच वेचणीला आली, दुसरीकडे जाणार कुठे? चालणं हळू झालं म्हणून तिला बांधाजवळची तासं, म्हणजे कपाशीच्या ओळी, द्यायच्या, एवढं मी केलं. दर मंगळवारी ती बाजाराला जायची, आणि गफ्फारच्या दुकानासमोर थांबून त्याच्या उंबऱ्यावर थुंकायची. मग पुढे जायची. गफ्फार उठायचा, बादलीतली मूठभर वाळू त्यावर टाकायचा आणि पुन्हा बसायचा. मी हे चार-पाच वेळा डोळ्यांनी पाहिलं. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. जिचा पाय जळाला ती बाईच त्याला गुन्हेगार ठरवते आहे, मग मी कशाला रात्रंदिवस त्याचा विचार करू? अशी मनाची समजूत काढत पाच वर्षं गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. खवखवत होतंच.

यंदा दसऱ्यानंतर इंदूला दवाखान्यात नेत होतो. आमची जुनी पेट्रोल कार, तिलाही आता वीस वर्षं होत आली. जुन्या रस्त्याने जाताना गफ्फार दुकानातून उठून थेट गाडीसमोर येऊन उभा राहिला. पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मी काच खाली केली नाही. त्याने खिडकी वाजवली नाही, बॉनेटवर हात आपटला. मग मला वास आला. पेट्रोलचा पाइप सडून चिरला होता, इंजिनाच्या तापल्या अंगावर थेंब थेंब पडत होता. त्याने इंदूला आधी उतरवलं, अर्थिंग सोडली, पाइपला चिमटा मारला. मी मदतीला हात पुढे केला तर कोपराने मागे सारलं. मग माझ्याकडे न बघता बोलला, "तुमच्यासाठी नाही केलं, पाटील. पेट्रोल टपकताना दिसलं का मले बसवत नाही. तुमी एकटे असते तरी केलं असतं, पण जरा हळू चाललो असतो."

जैबुनबीने इंदूला आत नेऊन पाणी दिलं. गाडी तिथेच सोडून परतताना रिक्षात इंदूने मागे वळून दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो खिळा त्याला देऊन टाका." माझ्या कपाटात, जमिनीच्या कागदांखाली, कापडात गुंडाळलेला तो खिळा तिने केव्हा पाहिला, मी विचारलं नाही. तिनेही पाच वर्षं विचारलं नव्हतं. त्या रात्री तिने मला वाढलं नाही. मुलगी निकिता वाढून गेली.

पुढच्या आठवड्यात मी गफ्फारच्या दुकानात गेलो. कापडाची गुंडाळी त्याच्या बाकावर ठेवली आणि सोडली. माफीबिफी मागितली नाही. मला ती येत नाही, आणि त्याने ती घेतलीही नसती. तो खिळ्याकडे पाहत राहिला. हात लावला नाही.

"याचं आता मी काय करू?" तो म्हणाला. "पंचनामा झाला, दुकान बसलं. पोलिसाचं मले काही नाही, गावाचं तर मुळीच नाही. ती बाई दर मंगळवारी माह्या उंबऱ्यावर थुंकते. तिले मी ओढून काढलं, आन तिले वाटते का मीच जाळलं. हा तिले नेऊन द्या. तिच्यासमोर तोंडानं सांगा. नाहीतर तुमचा खिळा तुमच्याजवळ ठेवा."

मी म्हणालो की मी तिचा मालक आहे, मजुरासमोर असं कसं बोलू? त्याने ओल्या पोत्यावर पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि आत निघून गेला. दारात आलेल्या माणसाला असं ताटकळत उभं ठेवू नये. राग आला. पण खिळा उचलला.

परवा वावरात गेलो. वेचणी चालू होती. बाकीच्या बाया लांब गेल्या होत्या, मैनाबाई बांधाजवळ होती. मी तिला हाक मारली, ती पाय ओढत आली. मी तळहातावर खिळा धरून सगळं सांगितलं. फ्यूज, खिळा, वायर, खिसा, ठाणं. गफ्फारने काही केलं नव्हतं, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर राग आला नाही, आणि नवलही वाटलेलं दिसलं नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "खिळा मीच देल्ला होता तुमाले. तुमी तो कुठी लावला ते मी खिडकीतून पाह्यलं होतं. आन केबिनवर थापा मारल्या तं तुमी थांबले नाही, तेबी मालूम हाये."

मी विचारलं, मग पोलिसांना का सांगितलं नाहीस? तिने माझ्या हातातला खिळा घेतला, निंबाच्या बुंध्यातलं ते जुनं भोक बोटाने चाचपलं आणि दगडाने खिळा पुन्हा तिथेच ठोकला. त्यावर भाकरीचं गाठोडं अडकवलं. पाच वर्षं ते खाली मुंग्यांत ठेवावं लागत होतं तिला. माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की आता तरी गफ्फारच्या दारात थुंकत जाऊ नको.

"नाही थुंकत," ती म्हणाली. "मंग कुठी थुंकू, पाटील? तुमच्या वावरात पोट हाये माहं. तुमीच सांगा."

ती थोडा वेळ थांबली, मी काही सांगतो का ते पाहायला. मग पदर खोचून पुन्हा तासात शिरली आणि वेचायला लागली.